पेटींतलें पाणी आणि विहिरींतलें पाणी

दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा गजबजल्या, कीं महाराष्ट्रांत विज्ञान-प्रदर्शनांचा हंगाम सुरू होतो. आधीं शाळेंत, मग तालुक्याच्या गांवीं, तेथून जिल्ह्याच्या ठिकाणीं, आणि निवड झाल्यास पुढें राज्याच्या प्रदर्शनाला, अशा पायऱ्या चढत मुलांनीं केलेल्या प्रतिकृती जात असतात. एन. सी. ई. आर. टी. ही संस्था १९७१ पासून मुलांचें राष्ट्रीय विज्ञान-प्रदर्शन भरवीत आली आहे; १९९३ पासून राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेची त्यांत भर पडली. यामुळें खेड्यापाड्यांतील असंख्य मुलांच्या हातांना व डोक्यांना काम मिळालें, ही गोष्ट लहान खास नव्हे.

या प्रदर्शनांतून फिरणाऱ्याला एक वस्तु हटकून दिसते. कांचेची एक पेटी असते, बहुधा मासे ठेवण्यासाठीं मिळते तशी. तिच्या तळाशीं खडी, खडीवर वाळू, वाळूवर माती, असे थर रचलेले असतात. वर हिरवा भुसा पसरून शेत केलेलें असतें, एका कोपऱ्यांत कागदी झाड, दुसऱ्यांत पुठ्ठ्याचें घर, आणि मधोमध एक प्लास्टिकची नळी उभी असते, ती विहीर. झारीनें वरून पाऊस पाडला कीं पाणी वाळूंतून खालीं उतरतें, तळाशीं निळें तळें सांचतें, आणि नळीला पिचकारी लावून ओढलें कीं तें झरझर वर येतें. पेटीशेजारीं उभा असलेला विद्यार्थी पाठ केलेलें निवेदन एका दमांत म्हणतो. परीक्षक मान डोलावतात, हातांतील कागदावर कांहीं आंकडे मांडतात आणि पुढच्या टेबलाकडे वळतात. तीन-चार मिनिटांत सारा प्रकार आटोपतो.

या तीन-चार मिनिटांत एक प्रश्न बहुधा विचारला जात नाहीं. तो अगदीं साधा आहे. ‘बाळ, या पेटींत तूं दाखवलेली जमीन कोणत्या गांवची?’

प्रश्न साधा खरा. पण त्याच्या उत्तरावर त्या प्रतिकृतीची सारी किंमत अवलंबून आहे. ती कशी, हें समजण्यासाठीं एखादें गांव डोळ्यांपुढें ठेवलेलें बरें. बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यांत रोहिणखेड नांवाचें गांव आहे. इतिहासाच्या वाचकांना तें दोन लढायांमुळें ठाऊक असेल. १४३७ सालीं बहामनी सैन्यानें खानदेशच्या नासीरखानाचा पराभव केला तो या परिसरांत. आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस अहमदनगरच्या गादीसाठीं बुऱ्हाण निजामशहा व जमालखान यांच्यांत निकराची झुंज झाली तीहि येथेंच. अजिंठ्याच्या डोंगररांगेचें पठार जेथें संपतें आणि पूर्णेच्या खोऱ्याकडे उतार लागतो, त्या घाटाच्या पायथ्याशीं हें गांव वसलेलें आहे. बुलढाण्याचे लोक आपल्या जिल्ह्याचे दोन भाग सांगतात, एक घाटावरचा व दुसरा घाटाखालचा. रोहिणखेड घाटाखालचें खरें, पण घाटाच्या अगदीं पायाशीं बिलगलेलें.

तेथील मातीखालीं जो खडक आहे तो बेसाल्ट, म्हणजे आपला नेहमींचा काळा पाषाण. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं पृथ्वीच्या पोटांतून तप्त शिलारसाचे लोट एकामागून एक बाहेर पडले व थिजले. त्यांचे थरांवर थर बसून दख्खनचें पठार तयार झालें. महाराष्ट्राच्या भूमीपैकीं शेंकडा ऐंशींहून अधिक भाग याच खडकानें व्यापलेला आहे. शिलारसाचा लोट थिजूं लागला कीं त्यांतील वायूचे बुडबुडे वरच्या अंगाला येतात. त्यामुळें प्रत्येक थराचा वरचा भाग छिद्रांछिद्रांचा होतो. आंतला भाग सावकाश निवतो. तो घट्ट व जड बनतो, आणि निवतां निवतां आकसून त्याला भेगा पडतात.

विहीर खणणाऱ्या माणसाला हें सारें पुस्तकावांचून ठाऊक असतें. वर काळी माती, तिच्याखालीं मुरूम, मग ठिपक्याठिपक्यांचा मांजऱ्या, मग कुदळीला दाद न देणारा काळा पाषाण, आणि कधीं कधीं दोन थरांच्या मध्यें विटेसारख्या तांबड्या मातीचा एक पट्टा. असा अनुभव तो परसापरसानें सांगत जातो. मुरमांत पाणी मुरतें व झिरपतें. मांजऱ्यांत पोकळ्या असतात, परंतु त्या पुष्कळदां पांढऱ्या स्फटिकांनीं भरून गेलेल्या असतात. म्हणून पोकळी दिसली कीं पाणी मिळेलच असा भरंवसा नाहीं. पाषाणांत तर पाण्याला राहण्यास जागाच नसते. त्याला भेग असेल तर भेगेंतून तें वाहतें. भेग नसेल तर शंभर हात खणलें तरी धूळच वर येते. वऱ्हाडांतील एखादा म्हातारा शेतकरी आपल्या नातवाला हेंच एका वाक्यांत सांगेल. ‘पानी दगडात नसते रे बापू, दगडाच्या फटीत असते.’ भूजलशास्त्राचा अर्धा धडा या वाक्यांत आला आहे.

आतां कांचेच्या पेटीकडे वळावें. या पेटीचें कूळ मोठें आहे. फ्रान्समधील दिझों या शहराला पाणी पुरविणारा हेन्री दार्सी नांवाचा एक अभियंता होऊन गेला. त्यानें एका उभ्या नळकांड्यांत वाळू भरून त्यांतून पाणी सोडलें, आणि किती दाबाखालीं किती वेळांत किती पाणी पलीकडे जातें तें चिकाटीनें मोजलें. वरच्या व खालच्या पाण्याच्या उंचींतील अंतर जितकें अधिक, तितकें पाणी अधिक जातें. वाळूचा स्तंभ जितका लांब, तितकें तें कमी जातें. १८५६ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथांत हा नियम आला, आणि आजहि जगभर भूजलाच्या हिशोबाचा पाया तोच आहे. शाळेंतील वाळूची पेटी ही त्या नळकांड्याचीच नात म्हणावी. तेव्हां पेटी खोटी आहे असें कोणी समजूं नये. गंगायमुनेच्या मैदानांत, जेथें नद्यांनीं आणलेल्या गाळाचे व वाळूचे जाड थर खोलवर गेलेले आहेत, तेथें ती खरीच आहे. रोहिणखेडच्या मुलानें ती आपल्या गांवची म्हणून दाखविली, म्हणजे मात्र ती खोटी होते.

खोटी किती होते, हें मोजूनच पाहणें चांगलें. समजा, पेटी ६० सेंटिमीटर लांब व ३० सेंटिमीटर रुंद आहे, आणि पिचकारीनें पाणी ओढल्यावर तिच्यांतील पातळी १० सेंटिमीटर खालीं गेली. एवढ्या थराचें घनफळ १८ लिटर भरतें. परंतु त्यांतून १८ लिटर पाणी कांहीं निघत नाहीं, कारण बहुतेक जागा कणांनीं अडविलेली असते, आणि कणांना चिकटलेलें पाणीहि सुटून येत नाहीं. भारतांतील भूजलाचा अंदाज बांधण्यासाठीं १९९७ सालीं तज्ज्ञांच्या समितीनें जीं प्रमाणें सुचविलीं, त्यांत रेताड गाळाच्या जमिनीसाठीं शेंकडा १६ आणि झिजलेल्या, सच्छिद्र वा भेगाळ बेसाल्टसाठीं शेंकडा २ धरावे, असें सांगितलें आहे. त्या हिशोबानें वाळूच्या पेटींतून सुमारें २ लिटर ९०० मिलिलिटर पाणी मिळेल, आणि बेसाल्टच्या पेटींतून ३६० मिलिलिटर. एकींतून जवळजवळ तीन तांबे निघतात, दुसरींतून जेमतेम दोन फुलपात्रें.

हेंच गणित शिवाराच्या मापानें केलें तर त्यांतील गांभीर्य ध्यानांत येतें. एक चौरस किलोमीटर जमीन घेतली आणि तिच्याखालील पाण्याची पातळी एक मीटर उतरली, तर रेताड गाळांत त्याचा अर्थ १ लक्ष ६० हजार घनमीटर पाणी वापरलें गेलें असा होतो. बेसाल्टांत केवळ २० हजार घनमीटर. म्हणजे दोन गांवांनीं सारखेंच पाणी उपसलें, तरी बेसाल्टावरच्या गांवची विहीर आठपट खोल जाते.

आतां जमेची बाजू पाहावी. बुलढाणा जिल्ह्यांत वर्षाला साधारणतः सातशें ते आठशें मिलिमीटर पाऊस पडतो. ७०० मिलिमीटर धरला, तर एका चौरस किलोमीटरवर ७ लक्ष घनमीटर पाणी आकाशांतून उतरलें. आंकडा ऐकून छाती फुगते. पण त्याच समितीच्या प्रमाणांनुसार यांपैकीं झिजलेल्या बेसाल्टांत शेंकडा ७ आणि सच्छिद्र व भेगाळ बेसाल्टांत शेंकडा १३ एवढेंच पाणी खोल मुरतें; म्हणजे ४९ हजार ते ९१ हजार घनमीटर. बाकीचें वाहून जातें, वाफ होऊन उडतें किंवा झाडापिकांच्या मुळांवाटें परत जातें. मुरलेलें पाणी त्या चौरस किलोमीटरच्या १०० हेक्टरांवर सारखें पसरलें, तर त्याचा थर पांच ते नऊ सेंटिमीटरांचा होईल. रब्बीच्या पिकाला दिलेली एखादी पाळी, एवढीच त्याची योग्यता. आणि खडकांत त्यानें पातळी वर चढते ती अडीच ते साडेचार मीटर. भांडें इतकें लहान आहे. तें आश्विनांत भरलेलें दिसतें आणि वैशाखांत रितें होतें. पुन्हा मृगाची वाट पाहणें आलेंच.

रोहिणखेडच्या विहिरींत डोकावणाऱ्या मुलाला हा चढउतार दर वर्षीं दिसत असतो. पण शाळेंत तो पेटी करावयास बसला कीं पुस्तकांतील चित्राकडे पाहतो, विहिरीकडे पाहत नाहीं. दोष मुलाचा नाहीं. पुस्तकांतील चित्र बहुधा वाळूच्या प्रदेशांतलें असतें, बाजारांत मिळणारे तयार संच त्याच चित्रावरून केलेले असतात, आणि गतवर्षीं ज्या पेटीला बक्षीस मिळालें तीहि तशीच होती.

असें असूनहि एखाद्या विद्यार्थ्यानें आपल्याच गांवची पेटी करण्याचें मनावर घेतलें, अशी कल्पना करावी. त्याला खर्च फारसा येणार नाहीं. मुरमासाठीं फुटक्या कौलांचे व विटांचे तुकडे घ्यावे. पाषाणासाठीं फरशीचे तुकडे एकमेकांस जुळवून बसवावे, आणि त्यांच्यांत केसाएवढ्या फटी राहूं द्याव्या. दोन थरांच्या मध्यें तांबड्या चिकण मातीचा पातळ लेप द्यावा. मग नळ्या उभ्या कराव्या. एक नळी नेमकी फटीवर, दुसरी तिच्यापासून बोटभर अंतरावर भक्कम फरशीवर. वरून पाणी शिंपडलें कीं पहिलींत पाणी दिसतें, दुसरी कोरडी राहते. पहिलीला पिचकारी लावली तर चार ओढींतच तींतलें पाणी संपतें, आणि पुन्हा भरून येण्यास वेळ लागतो. तिसरी नळी तांबड्या लेपाला भोंक पाडून खालच्या थरापर्यंत न्यावी. कधीं कधीं असें दिसेल, कीं वरच्या उथळ विहिरीचें पाणी या भोंकावाटें खालच्या थरांत उतरून गेलें. खऱ्या शिवारांतहि खोल विंधणविहिरीनें शेजारची उथळ विहीर आटते, ती पुष्कळदां अशाच रीतीनें.

या पेटीसोबत एक वही असावी. गांवांतील एखाद्या जुन्या विहिरींत दर पंधरवड्यास वजन बांधलेली दोरी सोडून पाण्याची खोली मोजावी व तारीख घालून लिहून ठेवावी. यांत नवें कांहींच नाहीं. राज्य शासनाची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७१ सालीं स्थापन झाली, तेव्हांपासून ठरविलेल्या निरीक्षण-विहिरींच्या पातळ्या वर्षांतून ठराविक महिन्यांत मोजण्याचें काम ती करीत आहे. तेंच काम मुलानें आपल्या एका विहिरीपुरतें केलें, तर जून ते डिसेंबर या सात महिन्यांत चौदा नोंदी होतात. चौदा नोंदींची ती साधी वही रंगीत तक्त्यापेक्षां मोलाची आहे, कारण ती दुसऱ्या कोणाजवळहि नाहीं.

अशी पेटी घेऊन विद्यार्थी जिल्ह्याच्या प्रदर्शनांत उभा राहिला तर काय होईल? शेजारच्या टेबलावर निळें तळें चमकत असेल, विजेचा छोटा पंप गुरगुरत असेल. याच्या पेटींत विटांचे तुकडे आणि एक कोरडी नळी. परीक्षक थबकतील व विचारतील:

‘ही दुसरी नळी कोरडी कां? कांहीं बिघडलं आहे का?’

‘नाहीं सर, ती कोरडीच राहते. आमच्याकडे एका शेतांत पाणी लागतं, बांधापलीकडे लागत नाहीं. तेंच दाखवलं आहे.’

‘हे थर तुला कोणी सांगितले?’

‘विहिरीच्या भिंतींत दिसतात, सर. वरून दोरी सोडून मोजले.’

‘आणि त्याच्याखालीं काय आहे?’

‘विहीर जेवढी खोल आहे तेवढंच पाहिलं. त्याच्याखालचं माहीत नाहीं, सर.’

या शेवटच्या उत्तरावर परीक्षकाची कसोटी आहे. ‘माहीत नाहीं’ हे शब्द ऐकून जो परीक्षक गुण कापतो, तो मुलाला नकळत एक वाईट धडा देतो, कीं ठाऊक नसलेलेंहि ठासून सांगावें. उलट, पाहिलें किती व न पाहिलें किती यांची सीमा जो मुलगा स्वच्छ सांगतो, त्याला विज्ञान समजूं लागलें असें मानण्यास हरकत नाहीं. आणि नियमहि या मुलाच्या बाजूनेंच आहेत. एन. सी. ई. आर. टी.नें अशा प्रदर्शनांसाठीं सुचविलेल्या निकषांत शंभरांपैकीं २० गुण मुलाच्या स्वतःच्या कल्पकतेला आहेत. मौलिकतेला १५, शास्त्रीय विचाराला १५. मांडणी व निवेदन यांना मिळून केवळ १०. तरी गर्दीच्या दिवशीं, शंभर-दीडशें टेबलें दोन प्रहरांत उरकावयाचीं असतां, या दहा गुणांची छाया बाकीच्या नव्वदांवर पडते. चकाकी लवकर दिसते. विचार दिसण्यास दोन प्रश्न अधिक विचारावे लागतात.

कोणी म्हणेल, मुलांचा खेळ तो; पेटींत वाळू असली काय आणि विटा असल्या काय, एवढा खल कशाला? त्याचें उत्तर प्रदर्शनाच्या मंडपांत सांपडणार नाहीं. तें दहा-पंधरा वर्षांनीं शेतांत सांपडतें. पेटींतील निळें तळें ज्या मुलाच्या मनांत बसलें, तो मोठेपणीं शेतकरी झाल्यावर तेंच तळें आपल्या शेताखालीं शोधीत राहतो. साठ मीटरांवर पाणी लागलें नाहीं, तर शंभरांवर लागेल. शंभरांवर नाहीं, तर दोनशांवर. यंत्राची गाडी बांधावर उभी राहते, फुटाफुटाचा दर चढत जातो, घरांतील दागिना सावकाराच्या पेटींत जातो, आणि पांढरी धूळ तेवढी वर येते. एकाचा बोअर लागला तर तो भेगेवर लागलेला असतो, आणि तीच भेग शेजाऱ्याच्या विहिरीचीहि असते. मग भावाभावांत बोलणें बंद होतें. महाराष्ट्राच्या २००९ सालच्या भूजल अधिनियमानें ६० मीटरांहून खोल विहिरींवर निर्बंध घातले आहेत. परंतु भांडें किती लहान आहे हें ज्याला उमजलें नाहीं, त्याला निर्बंध हा जुलूम वाटतो. ज्याला उमजलें, त्याला तो शहाणपणा वाटतो.

भांडें लहान आहे हें कळल्यानें माणूस निराश होतो असेंहि नाहीं. मोताळा तालुक्यांतच याचें उत्तम उदाहरण आहे. तेथील सिंदखेड या गांवानें २०१८ सालच्या पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेंत श्रमदानानें पाणलोटाचीं कामें करून राज्यांतील दुसऱ्या क्रमांकाचें पारितोषिक विभागून मिळविलें. चर खणणें, बांध घालणें, वाहतें पाणी अडवून मुरण्यास वेळ देणें, हीं तीं कामें. महात्मा फुले यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहितांना डोंगरउतारावर ताली बांधून पावसाचें पाणी जमिनींत मुरवावें असें सुचविलें होतें. विचार नवा नाहीं, हात लागण्याचाच काय तो उशीर. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार हें गांव आणखी एक पाऊल पुढें गेलें. तेथें पाऊस मोजून ग्रामसभेंत पाण्याचा ताळेबंद मांडतात, त्यावरून कोणतीं पिकें घ्यावीं हें ठरवितात, आणि शेतीसाठीं विंधणविहीर घेण्यास गांवानेंच मनाई केली आहे. या दोन्ही गोष्टींना आधार एकच आहे. वर्षाची कमाई किती, हें ज्याला ठाऊक तोच खर्च बेतानें करतो.

वैनगंगेचें पाणी सुमारें ४२६ किलोमीटरांच्या कालव्यांनीं व बोगद्यांनीं बुलढाणा जिल्ह्यांतील नळगंगेपर्यंत आणण्याच्या योजनेस ऑगस्ट २०२४ मध्यें राज्य मंत्रिमंडळानें मान्यता दिली. ती योजना फलद्रूप होवो. पण दूरच्या पाण्याची वाट पाहतांना पायांखालच्या पाण्याचा हिशोब ठेवूं नये, असें कोठेंहि सांगितलेलें नाहीं.

एकच पेटी सगळ्यांना चालत नाहीं, याचा दुसरा पुरावा याच जिल्ह्यांत आहे. रोहिणखेडहून उतार संपवून उत्तरेस पूर्णेच्या कांठीं गेलें, कीं शेगांव, संग्रामपूर, जळगांव जामोद या बाजूला गाळाचे जाड थर लागतात. तेथें वाळूची पेटी शोभून दिसेल. पण त्या प्रदेशाला लोक खारपाण पट्टा म्हणतात. जमिनीखालीं पाणी आहे, तें खारें आहे. तेथील मुलीनें पेटी केली तर तिला वाळूच्या थरांत मिठाचें पाणी भरावें लागेल, आणि वरून पडलेलें गोडें पाणी त्या खाऱ्यावर कसें तरंगतें व उपसा वाढला कीं खारें कसें वर चढतें, हें दाखवावें लागेल. एका जिल्ह्यांत दोन गांवांच्या दोन पेट्या. आणि दोघांच्याहि पेट्या खऱ्या. परीक्षकांनीं त्या शेजारीशेजारीं ठेवल्या, तर जिल्ह्याचा भूगोल कोणत्याहि नकाशापेक्षां अधिक स्पष्ट दिसेल.

ही गोष्ट केवळ खेड्यांतील शाळांची आहे असें शहरांतील श्रोत्यांनीं समजूं नये. पुणें, नाशिक, सोलापूर, कोल्हापूर हीं शहरें याच बेसाल्टावर उभीं आहेत. नव्या इमारतीच्या आवारांत विंधणविहीर असते, आणि उन्हाळ्यांत ती आटली म्हणजे टँकर येतो. पण ती कोणत्या थरांतून पाणी घेते, तिची पातळी पावसाळ्यानंतर किती होती व होळीला किती राहिली, हें इमारतींतील शंभर कुटुंबांपैकीं किती जणांना सांगतां येईल? घरांतील मुलाला प्रदर्शनासाठीं प्रतिकृति करावयाची असेल, तर दुकानांतून संच आणण्याआधीं त्याला त्या विंधणविहिरीपाशीं न्यावें. जवळपास कोठें इमारतीचा पाया खणत असतील तर दुरून का होईना त्या खड्ड्याच्या भिंती दाखवाव्या. माती किती, मुरूम किती, पाषाण कोठें लागला, हें त्यानें स्वतः पाहावें, व जें पाहिलें तेवढेंच पेटींत रचावें. आईबापांनीं एवढेंच करावें, कीं पेटी आपण होऊन सुबक करून देऊं नये.

आणि प्रदर्शनाचा दिवस संपल्यावर काय? बहुतेक प्रतिकृती परत येतांना मोडतात आणि शाळेच्या अडगळींत जातात. रोहिणखेडसारख्या गांवची पेटी मात्र परत गांवांत यावी. ती ग्रामपंचायतीच्या ओसरीवर ठेवावी, शेजारीं पातळ्यांची वही टांगावी, आणि ज्या मुलानें ती केली त्यानें पुढच्या वर्गांतील मुलाला दोरी कशी सोडावी तें दाखवून द्यावें. परीक्षकांनीं पहिला क्रमांक दिला असो वा नसो, दोरीची दुसरी नोंद पंधरा दिवसांनीं व्हावयाची असतेच. अशी वही पांच-सात वर्षें चालली, तर बोअर घ्यावयास निघालेला एखादा शेतकरी यंत्रवाल्याला बोलावण्यापूर्वीं ओसरीवर येऊन तीं पानें चाळील, आणि शेजाऱ्याला हांक मारून विचारील, ‘या साली आपल्या वावराखाली पानी किती हाय?’ तो प्रश्न गांवांत उघडपणें विचारला जाऊं लागला, म्हणजे प्रदर्शनाचें काम झालें असें समजावें.